पाण्यातली म्हैस

चोल्वे रात्री दोनपर्यंत जागायची,
कारण तेव्हा नागोयात नऊ वाजायचे
आणि कुवाबारा नावाचा कोणी एक माणूस
ऑफिसचं कुलूप उघडायचा.
असं ती म्हणायची. कुलूप मी पाहिलेलं नाही.
कुवाबाराही नाही.

वीज गेलेली, अख्खं चोमा झोपलेलं,
फोनच्या उजेडात तिची हनुवटी तेवढी जागी
आणि त्रेचाळीस फोटो :
पुढून, मागून, बॉनेट उघडून,
मागच्या सीटवर सिगारेटने पाडलेलं भोक,
पोटाखालचा गंज, तोही न लपवता.
"गंज दाखवतोय म्हणजे सरळ माणूस आहे," चोल्वे म्हणाली.
"गंज दाखवतोय म्हणजे याहून मोठं काहीतरी झाकतोय," मी म्हणालो.
सतरा वर्षं आम्ही एकाच गोष्टीकडे
असेच बघत आलोय.

मी गुरांच्या बाजारातला माणूस.
दात मोजल्याशिवाय, शेपूट उचलून पाहिल्याशिवाय
कुणाच्या हातावर एक क्वाचा ठेवला नाही.
पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल,
असला व्यवहार आमच्या घराण्यात कुणी केला नव्हता.

तरी चार बैल गेले.
तिचं शिवणयंत्र राहिलं, पण त्यावर शिवलेले
तीन वर्षांचे शाळेचे गणवेश गेले.
बँकेतल्या पोरीने दोनदा विचारलं,
"बाई, या माणसाला तुम्ही ओळखता?"
चोल्वेने फोन पुढे केला. सव्विसावा फोटो.
डाव्या दारावर उन्हात पडलेली सावली,
कोपर वर, हातात काहीतरी धरलेलं,
पाठीला जरासा बाक.
"हा," ती म्हणाली.

मग म्हैस खरोखरच पाण्यात गेली.
जहाजाचं नाव बूमीने वहीत लिहिलं,
समुद्र न पाहिलेल्या पोरीने
नकाशावर रोज एक ठिपका दिला.
सिंगापूरपाशी ठिपका नऊ दिवस हलेना.
त्या नऊ दिवसांत शेजारच्या म्वीम्बाने मला
लुसाकातल्या एका मास्तराची गोष्ट तीनदा सांगितली,
ज्याला खोक्यातून नुसतं स्टिअरिंग आलं होतं.
मी गोठ्यात जाऊन रिकाम्या दाव्यांपाशी बसे.
चोल्वे काजं करत राहिली.

दार-ए-सलामहून म्विन्यी नावाचा ड्रायव्हर
गाडी घेऊन आला, नाकोंडेच्या नाक्यावर
तीन रात्री सीटवर काढून.
कंबर धरून उतरला. "पाणी द्या. आधी मला, मग तिला."
स्टेपनी नव्हती. जॅक नव्हता.
गंज फोटोत होता तेवढाच होता.
मी मोजला. बोटांनी.

किल्ली फिरवली की आतून एक बाई बोलते,
मऊ, कसलीच घाई नसलेली.
बूमी म्हणते, ती कार्ड घाला म्हणते.
चोल्वे म्हणते, पट्टा लावा.
मला वाटतं, ती विचारते हे कोणतं गाव,
आणि मी रोज सांगतो : चोमा.
लांब आहे, पण रस्ता आहे.

एका सकाळी चोल्वे गाडीभोवती फिरली,
डाव्या दारापाशी थांबली,
तळहाताने धूळ पुसली.
तिथे काही नव्हतं.
दार होतं.
जरा खट्टू झाली, कबूल केलं नाही.
मग दोन पावलं मागे सरून तिने फोटो काढला :
दारावर तिची सावली, कोपर वर,
आणि पायापाशी मध्येच आलेली कोंबडी.
पाठवून दिला.

उत्तर रात्री दोन वाजता आलं.
सन्माननीय ग्राहक, पुढच्या गाडीवर तीन टक्के सूट.
खाली, एक ओळ सोडून :
कोंबडी छान आहे. गंजाला तेल लावत जा.

मी बॅटरी घेऊन गोठ्यात गेलो.
जोखडाच्या कातड्याला लावायचं तेल
डब्यात अर्ध्याहून जास्त उरलं होतं.